माळावरची उटकटारी आणि शाळेची बाग

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



शाळेची बाग कशी असावी याविषयी पुष्कळ सांगितले जाते. ती कोणत्या जमिनीवर आहे याचा विचार मात्र कमी होतो. कोकणातील शाळेच्या दारात जास्वंद बारमाही हिरवी राहते, कारण तेथे शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो. शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या, म्हणजे वीस इंचांच्या, आसपास पाऊस पडतो आणि तोही नेमाने पडत नाही. भीमा व घोड या नद्यांच्या काठची आणि कालव्याखालची गावे सोडली, तर उरलेल्या गावांची पुष्कळशी जमीन हलकी, मुरमाड व उताराची आहे. अशा गावी कोकणातील बागेचा आदर्श समोर ठेवून केलेली बाग कशी जगते, हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने ठाऊक आहे.

जून महिन्यात रोपे आणली जातात. मुले उत्साहाने खड्डे खणतात. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास बाग हिरवीगार दिसते. प्रजासत्ताकदिनापर्यंत ती तग धरते. मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणारे कोणी नसल्याने बहुतेक रोपे वाळून जातात. पुढील जूनमध्ये तेच खड्डे पुन्हा खणले जातात. यात रोपांच्या पैशांचा तोटा आहेच, परंतु त्याहून मोठा तोटा मुलांच्या शिक्षणाचा आहे. लावलेले झाड मरते आणि त्याबद्दल कोणी काही विचारीत नाही, हा धडा ती वर्षानुवर्षे न शिकवता शिकत असतात.

पाण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. बागेत चाळीस रोपे आहेत आणि प्रत्येकास एक दिवसाआड दोन लिटर पाणी घालावयाचे आहे, असे धरले तर एका वेळी ८० लिटर पाणी लागते. एप्रिल व मे या दोन महिन्यांत अशा तीस पाळ्या होतात; म्हणजे २,४०० लिटर, अथवा दोनशे लिटरची बारा पिंपे. ज्या गावी टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे फुलझाडांसाठी बारा पिंपे मागणे शिक्षकाला शोभणार नाही आणि गावकरी ती देणारही नाहीत. पोषण आहारासाठी भाजीपाल्याची परसबाग हवी. तिच्यासाठी असेल ते पाणी खर्च करावे. प्रश्न उरतो तो शोभेच्या आणि निरीक्षणाच्या बागेचा. त्यावरचा एक उपाय शाळेच्या कुंपणाबाहेर, माळावरच उभा आहे.

उटकटारीची ओळख

पावसाळा सरत आला की या दोन्ही तालुक्यांच्या माळांवर, बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला एक काटेरी झुडूप दिसू लागते. उंची एक ते तीन फूट. खोड पांढुरक्या लवीने माखलेले. पाने लांबट, खोलवर कातरलेली आणि प्रत्येक कातऱ्याच्या टोकाला तीक्ष्ण काटा. पानाची खालची बाजू कापसासारखी पांढरी. फांदीच्या शेंड्यावर दीड-दोन इंच व्यासाचा गोल, काटेरी चेंडू येतो व त्यावर पांढरट, कधी किंचित निळसर, बारीक फुले उमलतात. हीच उटकटारी. कोणी तिला उंटकटारी म्हणतात, कोणी काटेचेंडू म्हणतात. संस्कृतात उत्कंटक व उष्ट्रकंटक अशी तिची नावे आहेत आणि हिंदीत ऊँटकटारा हे नाव रूढ आहे. इतर जनावरे जिला तोंड लावीत नाहीत ती वनस्पती उंट खातो, अशी समजूत या नावांमागे दिसते. गावात याहून निराळे नाव प्रचलित असल्यास मुलांनी प्रथम तेच नाव वहीत लिहावे. ते नाव घरातील आजी-आजोबांना किंवा मेंढपाळाला विचारून आणणे हाच पहिला अभ्यास होय.

शास्त्रीय भाषेत तिला एकिनॉप्स एकिनेटस असे म्हणतात. लिनीअस यांनी १७५३ साली एकिनॉप्स ही प्रजाती शास्त्रात नोंदविली. ग्रीक भाषेत ‘एकिनॉस’ म्हणजे साळिंदरासारखा काटेरी अंगाचा एक लहान प्राणी आणि ‘ऑप्स’ म्हणजे रूप. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या देशातील या जातीचे वर्णन केले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, संपूर्ण प्रसिद्ध झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांनी पुढे मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. एक प्राचार्य दख्खनच्या अशा रानवनस्पतींची नोंद करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवितो, ही गोष्ट मोठ्या इयत्तांतील मुलांना अवश्य सांगावी.

या प्रजातीची निळ्या फुलांची एक जात दक्षिण युरोप व पश्चिम आशियात होते. ती युरोपातील बागांमधून मुद्दाम लावली जाते आणि तिचे गोल गेंद वाळवून फुलदाणीत ठेवतात. जिचे भावंड तेथे बी विकत घेऊन लावतात, ती येथे फुकट उगवते आणि झाडलोटीच्या वेळी सर्वांत आधी उपटली जाते.

चेंडूत काय आहे

उटकटारी वर्गात आणण्याचे मुख्य कारण तिच्या फुलोऱ्याची रचना हे होय. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि करडई यांच्याच कुळातील ही वनस्पती आहे. सूर्यफुलाला आपण एक फूल म्हणतो. वस्तुतः तो शेकडो बारीक फुलांचा एक गुच्छ असतो व त्या सर्वांना मिळून खाली हिरव्या पानांसारख्या छदांची एकच वाटी असते. उटकटारीत गंमत अशी की प्रत्येक बारीक फुलाला स्वतःची स्वतंत्र छदांची वाटी असते. एका घरात शेकडो माणसे राहावीत तसे सूर्यफूल. शेकडो घरांचा एक वाडा असावा तशी उटकटारी. वाळलेला चेंडू चिमट्याने मोडला म्हणजे ही घरे एकेक करून सुटी होतात आणि प्रत्येकात एकच बी सापडते.

दुसरी गोष्ट उमलण्याच्या क्रमाची. सूर्यफुलात कडेची फुले आधी उमलतात आणि उमलण्याची लाट आत सरकते. उटकटारीचा चेंडू माथ्यापासून उमलू लागतो आणि लाट खाली उतरते. हे पुस्तकातून सांगू नये. एका चेंडूच्या फांदीला दोरा बांधावा, मुलांनी रोज त्याच वेळी पाहावे आणि वहीत एक वर्तुळ काढून उमललेला भाग रंगवावा. आठवड्याच्या शेवटी रंगविलेली वर्तुळे ओळीने मांडली की क्रम त्यांचा त्यांनाच सापडतो. तो सापडेपर्यंत शिक्षकाने धीर धरावा.

तिसरी गोष्ट कोरड्या हवेत टिकण्याची. पानाच्या खालच्या बाजूची पांढरी लव, कातरलेली पाने आणि जमिनीत सरळ खोल गेलेले सोटमूळ यांमुळे ही वनस्पती कमी पाण्यात निभावते. पानातील ओलावा बाहेर पडण्याची छिद्रे सूक्ष्म असतात. लवीच्या आच्छादनामुळे त्यांच्याजवळून कोरडा वारा थेट वाहत नाही. घामट अंगावर जाडे कापड घातल्यास घाम लवकर सुकत नाही, या दाखल्यावरून मुलांना हे समजते. काट्यांमुळे शेळ्या-मेंढ्या दूर राहतात. पाण्याची काटकसर व स्वतःचे रक्षण या दोन गोष्टी एकाच पानात बोटाने दाखविता येतात. बोट मात्र जपून न्यावे.

काट्याचा उपयोग येथील शेतकऱ्याला नवा नाही. रब्बीच्या ज्वारीभोवती कडेने करडईचे पट्टे पेरण्याची रीत जुनी आहे. करडई काटेरी, त्यामुळे जनावर पिकात शिरत नाही आणि तेलबियाही घरात येतात. करडई ही उटकटारीची कुळबहीण आहे. मुलांना आधी बांधावरची करडई दाखवून मग माळावरची उटकटारी दाखविल्यास ‘कुळ’ या शब्दाचा अर्थ व्याख्येवाचून कळतो.

लागवड

शाळेच्या आवारातील सर्वांत निकस कोपरा यासाठी निवडावा. जागा उन्हाची, मुरमाड आणि पाणी न साचणारी असावी. काळ्या, चिकण जमिनीत लावावयाचे असल्यास मुरूम व खडे मिसळून वाफा वीतभर उंच करावा. शेणखत घालू नये. खताने झाड पानांनी माजते, लोळते आणि फुले कमी येतात.

बी माळावरूनच मिळते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, पाऊसमानाप्रमाणे मागेपुढे, झाडे फुलतात. त्यानंतर चेंडू वाळून फुटू लागतात. चेंडू फुटण्याच्या बेतात असता सांडशीने धरावा, खालून कात्रीने कापावा आणि पत्र्याच्या डब्यात टाकावा. हे काम शिक्षकाने किंवा मोठ्या माणसाने करावे. मुलांनी डबा धरावा. एका जागचे सर्व चेंडू कधीही तोडू नयेत. दहांतील एक पुरेसा आहे. सुटे केलेले बी कापडी पिशवीत घालून, गावाचे नाव व तारीख लिहून, कोरड्या जागी टांगून ठेवावे.

पेरणी मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर करावी. रोपे तयार करून दुसरीकडे लावण्याचा प्रयत्न करू नये. सोटमूळ लवकर खोल जाते व उपटताना तुटते, म्हणून बी कायमच्या जागीच टाकावे. दोन-दोन फुटांवर खुणा करून प्रत्येक खुणेशी चार-पाच बिया अर्धा इंच खोल टाकाव्यात आणि वर बारीक माती पसरावी. रानटी बी असल्याने सर्व बिया एकदम उगवतील अशी अपेक्षा धरू नये. रोपे चार पानांची झाली की प्रत्येक ठिकाणी एक जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. त्या वेळी काटे मऊ असतात, म्हणून विरळणीस उशीर करू नये. पाऊस लांबल्यास उगवणीच्या काळात एक-दोन वेळा झारीने पाणी द्यावे. मुळे खोल गेल्यावर पाणी देण्याची गरज राहत नाही. उन्हाळ्यात जमिनीवरचा भाग वाळून जातो. त्या वेळी वाफा मेला असे समजून तो साफ करण्याची घाई करू नये. काही चेंडू वाफ्यातच झडू दिले तर पुढील पावसात तेथे नवी रोपे आपोआप दिसतील. अशा रीतीने या वाफ्याला मे महिन्याच्या सुट्टीची बाधा होत नाही.

सावधगिरी

काटेरी झाड शाळेत लावताना काही बंधने कसोशीने पाळली पाहिजेत. वाफा मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून, खेळाच्या मैदानापासून आणि बालवाडीच्या दारापासून दूर असावा. त्याभोवती दगडांची एक ओळ मांडावी आणि ‘येथून पाहावे’ अशी पाटी लावावी. वाळलेल्या फांद्या व चेंडू अनवाणी पायांखाली येतील असे पडू देऊ नयेत. पहिली-दुसरीच्या मुलांनी दुरून पाहावे, तिसरी-चौथीच्या मुलांनी जवळून पाहून चित्र काढावे आणि चिमटा व भिंग हाती घेण्याचे काम पाचवीपासून पुढच्या मुलांना द्यावे. काही लोक हिचे मूळ औषधासाठी वापरतात. शाळेत या वनस्पतीचा कोणताही भाग औषध म्हणून किंवा चव पाहण्यासाठी तोंडात घालू देऊ नये.

शेजारच्या शेतकऱ्याचाही विचार करावा. रब्बीच्या रानात ही तणच ठरते. शाळेला लागून शेत असल्यास, वाफ्यातील गरजेपुरते चेंडू राखून बाकीचे वाळण्यापूर्वी कापून टाकावेत. शाळेच्या बागेमुळे कोणाची खुरपणी वाढली, असे होता कामा नये.

ओळख पक्की करून घेणे हे सर्वांत महत्त्वाचे. पिवळा धोतरा हाही काटेरी आणि पांढुरक्या छटेचा असतो. परंतु त्याचे फूल पिवळे व पातळ पाकळ्यांचे असते आणि देठ मोडल्यास पिवळा चीक निघतो. तो मूळचा अमेरिकेतील आहे. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यास अंगावर सूज येऊन माणसे दगावतात; दिल्लीत १९९८ साली असा मोठा प्रसंग घडला होता. जांभळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी भुईरिंगणीही काटेरीच. या तिन्ही वनस्पतींची चित्रे शेजारी-शेजारी लावून फरक मुलांकडून काढून घ्यावा.

याच ओघात गाजर गवताची माहिती द्यावी. ही परदेशी वनस्पती भारतात प्रथम पुणे येथे १९५५ च्या सुमारास नजरेस आली आणि तेथून देशभर पसरली. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते व चट्टे उठतात. ती फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट काढावी. हे काम मुलांना देऊ नये. गाजर गवताला काटा नाही, ते दिसायला नाजूक आहे. उटकटारी काटेरी आहे, परंतु ती या मातीतली आहे व तिच्या फुलांवर मधमाश्या-भुंग्यांचे पोट भरते. झाडलोट करणाऱ्याला दोन्ही सारखीच ‘कचरा’ वाटतात. उपटण्यापूर्वी नाव विचारण्याची सवय या एका तुलनेतून लागते.

वर्गातील उपयोग

एक वाफा सर्व विषयांना पुरतो. गणितात वाळलेल्या पाच चेंडूंतील घरे मोजून सरासरी काढता येते, दोऱ्याने चेंडूचा परीघ मोजून व्यास काढता येतो. परिसर अभ्यासात सकाळी व दुपारी पंधरा-पंधरा मिनिटे एका झाडावर किती कीटक आले त्याची नोंद करता येते. मधमाशी, मुंगी, फुलपाखरू व भुंगा असे चार रकाने पुरेत. भाषेच्या तासाला ‘न पाहिलेल्यास ओळखता येईल असे वर्णन’ लिहावयास सांगावे. एका मुलाने लिहावे, दुसऱ्याने ते वाचून चित्र काढावे. चित्र चुकले तर वर्णनात काय राहिले ते दोघांनाही कळते. भूगोलात गावाचा नकाशा काढून उटकटारी कोठे आहे व कोठे नाही याच्या खुणा कराव्यात. कालव्याखालचे उसाचे रान, नदीकाठची काळी जमीन आणि वरचा मुरमाड माळ यांतील फरक त्या खुणांतून उघड होतो.

शाळेने माळावर जावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखण्यासाठी ज्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नव्हते, त्यांच्यासाठी तेथे कुरणातच शाळा भरविली गेली. तिला कुरणशाळा असे नाव होते. शिरूर-दौंडच्या मुलांना महिन्यातून एक सकाळ माळावर नेण्यास यापेक्षा मोठा आधार नको.

माळावर गेल्यावर एक गोष्ट अवश्य दाखवावी. जेथे चराई फार होते तेथे मऊ गवते संपतात आणि काटेरी झाडे तेवढी शिल्लक राहतात. म्हणून एखाद्या जागी उटकटारीच उटकटारी दिसली, तर दोष तिचा नसून तेथे जमिनीला विश्रांती मिळालेली नाही, असे समजावे. उटकटारीच्या बुंध्याशी, काट्यांच्या आडोशाला, मारवेल किंवा पवन्या यांसारख्या चाऱ्याच्या गवताचा एखादा ठोंब टिकून राहिला आहे काय, हे मुलांनी शोधावे. सापडल्यास त्याची नोंद करावी. न सापडल्यास तसेही लिहावे.

गावकऱ्यांची शंका

‘मास्तर, शाळेत काटे कसले लावता?’ असा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर आधीच द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाफ्याची जागा दाखवावी, कुंपण व पाटी यांची माहिती सांगावी आणि समितीची संमती घेऊनच काम सुरू करावे. एखाद्या वयस्क शेतकऱ्याला किंवा मेंढपाळाला शाळेत बोलावून माळावरच्या वनस्पतींची नावे सांगण्याची विनंती करावी. ज्याला अक्षरओळख नाही असा माणूस शाळेत येऊन पन्नास वनस्पतींची नावे सांगतो आणि मुले ती लिहून घेतात, तेव्हा शाळा व गाव यांचे नाते निराळे होते. ही माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. त्यांच्याबरोबर ती नावेही जातील, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

माळही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कालव्याचे पाणी, ऊस, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आणि वाढती घरे यांनी गावांना रोजगार व उत्पन्न दिले, हे खरे. त्याबरोबर गवताळ जमीन आक्रसत गेली, हेही खरे. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या त्या माळात चिंकारा हरणे राहतात. अभयारण्याची जमीन आणि गावाचे गायरान यांत मूळचा फरक फारसा नाही. परंतु कागदोपत्री एक राखीव, तर दुसरे पडीक. ‘पडीक’ हा शब्द वापरण्यापूर्वी तेथे काय वाढते याची यादी मुलांनी करावी. वृक्षारोपणाच्या दिवशी गवताचा माळ खणून तेथे बाहेरची रोपे लावण्याआधीही ही यादी पाहावी.

शोभेची सर्व झाडे काढून टाकावीत आणि बागेत केवळ काटे ठेवावेत, असा या विवेचनाचा अर्थ कोणी करू नये. ज्या शाळेला विहीर आहे, कूपनलिका आहे, पाणी घालणारे हात आहेत, तिने जास्वंद अवश्य लावावी. परंतु ज्या शाळेला यांपैकी काही नाही, तिनेही आपली शाळा बागेवाचून आहे असे मानू नये. तिच्या जमिनीला शोभेल अशी बाग तिच्या आसपासच आहे. मुरमाड जमिनीवर राहणाऱ्या मुलाला आपली जमीन निकस आहे, एवढेच ऐकावयास मिळत असते. त्याच जमिनीत कोणी पाणी न घालता एक गोल, नेटके फूल उमलते आणि ते अभ्यासण्यासाठी विद्वानांनी वर्षे घालविली, हे त्याने शाळेत पाहिले, तर आपल्या गावाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलण्यास साहाय्य होईल.

करावयाचे काम थोडे आहे. येत्या हिवाळ्यात माळावर जाऊन झाड ओळखावे व त्याची जागा लिहून ठेवावी. चेंडू वाळू लागले की थोडे बी गोळा करावे. मृगात दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफ्यात दोन ओळींत मिळून दहा खुणांवर ते पेरावे. आलेली रोपे, उमललेले चेंडू व मोजलेले कीटक यांची एक वही शाळेत ठेवावी आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेला येताना ती बरोबर आणावी. कोणाचे बी उगवले नाही, तरी वही आणावी. कोणत्या गावी, कोणत्या जमिनीत, किती पावसावर उगवले नाही, हे दुसऱ्या शाळेला उपयोगी पडेल.